जागरणाची गोळी

परदेशीं शिकणारा मुलगा पहांटेपर्यंत अभ्यास करितो, असें कळलें कीं घरच्या वडील मंडळींस धन्यता वाटते. तो कशाच्या बळावर जागतो, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं.

चित्त स्थिर न राहण्याच्या विकारावर अमेरिकेंत मेथिलफेनिडेट, अँफेटामाईन हीं औषधें देतात. तो विकार नसलेले कित्येक विद्यार्थी परीक्षेच्या सुमारास मित्राच्या बाटलींतून तींच मागून घेतात. तेथील कायद्यानें आपलें असें औषध दुसऱ्यास देणें गुन्हा आहे. पण वसतिगृहांत कायदा कोण वाचतो! ही टूम नवीहि नव्हे. १९३७ च्या सुमारास मिनेसोटा विद्यापीठांत प्रयोगासाठीं बेंझेड्रीन दिलें गेलें. त्यानें झोप उडते हें विद्यार्थ्यांनीं हेरलें, आणि प्रयोगशाळेंतलें औषध अभ्यासाच्या मेजावर आलें.

पण या गोळीनें बुद्धि वाढते काय? मेलबर्नच्या संशोधकांनीं ४० निरोगी तरुणांवर केलेला एक प्रयोग २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. प्रत्येक वस्तूस वजन व मोल. थैलींत मावणारें वजन ठरलेलें. तींत अधिकांत अधिक मोलाच्या वस्तु भरावयाच्या, असें तें कोडें होतें. (यात्रेची ट्रंक भरणाऱ्या आमच्या गृहिणी हें कोडें जन्मभर सोडवीत आल्या आहेत, तें असो.) गोळी घेतल्यावर या तरुणांनीं वेळ अधिक खर्चिला, वस्तु अधिक वेळां आंत-बाहेर केल्या, पण थैलींतील मोल कमीच भरलें. गोळीवांचून जे सरासरीच्या वर होते, तेच बहुधा खालीं घसरले. खटपट वाढली, विचार घटला!

ज्यास खरोखर विकार आहे, त्यास डॉक्टरच्या देखरेखीखालीं हीं औषधें उपकारक होतात. त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. निरोग्याच्या वांट्यास मात्र छातींतली धडधड येते, भूक मरते आणि झोप जाते. वाचलेलें स्मरणांत मुरतें तें झोपेंत. झोप उडवून केलेलें पाठांतर म्हणजे विरजण लागूं न देतां दूध रात्रभर ढवळीत बसणें होय.

सुटींत घरीं आलेला मुलगा पानावरून अर्धपोटीं उठूं लागला, तर केवळ परक्या हवापाण्यास दोष देऊन स्वस्थ बसूं नये. जवळच्या गोळ्या कोणाच्या नांवच्या आहेत, हें रागें न भरतां विचारावें. मात्र डबी हिसकावून केरांत टाकणें बरें नव्हे. फार दिवस घेतलेली गोळी एकाएकीं सुटली म्हणजे अतिशय थकवा व औदासीन्य येतें. तेव्हां ती कशी सोडावी, हें घरच्या डॉक्टरसच विचारावें.