वानवळा: उरलेला नव्हे, खुडलेला



ऑगस्ट लागला की बे एरियातल्या आपल्या परसबागांना एकदम ऊत येतो. जूनभर नुसती पानं मिरवणारा दुधीचा वेल मांडव भरून लोंबू लागतो. टोमॅटो, मिरच्या, दोडकी सगळं एकदमच तोडणीला येतं. भेंडी शुक्रवारी खुडायची राहिली, तर सोमवारी ती सुरीलाही दाद देत नाही. फुलांचीही हीच तऱ्हा. झिनिया, झेंडू, कॉसमॉस जितके कापावेत तितके जोमाने फुटतात, आणि डेलिया तर याच दिवसांत भराला येतो. नेमके हेच दिवस आपल्या गणपती-गौरींचे. घरोघरी बाग भरलेली असते, आणि मंडळाच्या उत्सवासाठी मात्र आपण फुलांचे गठ्ठे दुकानातून विकत आणतो. यंदा ही रीत बदलावी, असं कार्यकारिणीने ठरवलं आहे. त्याविषयी आज सविस्तर लिहायचं आहे.

आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी वानवळा पाहिला आहे. शेतातला नवा माल घरी आला की त्यातला थोडा आधी शेजारी, लेकीच्या सासरी, शाळेच्या गुरुजींकडे जायचा. हरभऱ्याचे डहाळे, हुरडा, पाटीभर आंबे, परसातलं अळू, असं ज्या त्या हंगामाचं काहीतरी. संक्रांतीच्या सुगडात आपण आजही गाजर, बोरं, ऊस, हरभरा, गव्हाची ओंबी घालतो. तेही हंगामातलं नवं दुसऱ्याच्या ओटीत घालणंच आहे. या देण्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. वानवळा हा घरात संपेना म्हणून वाटलेला माल नव्हता. तो पहिला, निवडलेला, चांगल्यातला चांगला असायचा.

इथे आल्यावर आपलं देणं नकळत उलटं झालं. आधी आपण पोटभर खातो, मग फ्रीज भरतो, आणि हाताबाहेर गेलेला, बिया टणक झालेला दुधी कुणाच्या तरी गळ्यात घालतो. घेणाराही भिडेखातर घेतो. अशा देण्याने बागेचा पसारा आवरतो, माणसं मात्र जोडली जात नाहीत. म्हणून पहिली विनंती ही की, वानवळा कोवळा द्या. दुधी नखाने सहज टोचता येतो तेव्हाच काढा. भेंडी बोटभर असतानाच खुडा. तोडणीच्या दिवशी घरच्या भाजीची टोपली भरण्याआधी दुसऱ्यासाठीची पिशवी भरून ठेवा. वेलही यावर खूष असतो. कोवळं फळ वेळेवर काढलं की तो पुढची फळं धरतो, आणि जून फळ अंगावर राहिलं की बी पिकवण्याच्या मागे लागून थंडावतो.

फुलांच्या बाबतीत हे आणखी खरं, कारण फूल चुकीच्या वेळी कापलं तर ते घेणाऱ्याच्या घरी पोचेपर्यंत मान टाकतं. मंडळातल्या जाणत्या बागकाम करणाऱ्यांशी बोलून काही गोष्टी इथे देत आहे. फुलं पहाटे गारव्यात कापावीत. तेव्हा देठात पाणी भरलेलं असतं. झिनिया कापण्याआधी फुलाच्या खाली वीतभर अंतरावर देठ दोन बोटांत धरून हलकेच हलवून पाहावा. फूल लटपटलं, मान वाकली, तर ते अजून तयार नाही, आणि कापलं तर फुलदाणीत तासाभरात लवेल. देठ काठीसारखा ताठ राहिला तर खुशाल कापावं. ते फूल आठवडाभर टिकतं. डेलियाचं तंत्र वेगळं. त्याची कळी कापल्यावर उमलत नाही, म्हणून फूल जवळजवळ पूर्ण उमलल्यावरच कापायचं. फूल उलटं करून मागच्या पाकळ्या पाहाव्यात. त्या टवटवीत असल्या तर फूल ताजं. कागदासारख्या सुकू लागल्या असल्या तर उशीर झाला. कॉसमॉस मात्र कळी जेमतेम उघडत असतानाच घ्यावा. कापल्याबरोबर देठ स्वच्छ बादलीतल्या पाण्यात बुडवावेत, पाण्याखाली येणारी पानं काढून टाकावीत, आणि बादली सावलीत ठेवावी. मोगऱ्याच्या कळ्या संध्याकाळी खुडून ओल्या फडक्यात गुंडाळाव्यात. जास्वंदीचं आयुष्य एकाच दिवसाचं. ती ज्या सकाळी उमलली त्याच सकाळी बाप्पाला वाहावी.

डेलिया सॅन फ्रान्सिस्कोचं अधिकृत फूल आहे, १९२६ पासून. धुक्याचा गारवा त्याला मानवतो, आणि गोल्डन गेट पार्कमधला डेलियाचा वाफा या दिवसांत पाहण्यासारखा असतो. म्हणजे आपल्या मखराला शोभणारं, या भूमीचं म्हणून मानलं गेलेलं फूल ऐन गणपतीत इथे फुलतं. ते परदेशी म्हणून बाजूला ठेवायचं कारण नाही. डेलिया आणि झेंडू दोघांचंही मूळ मेक्सिकोत आहे, आणि तरी झेंडूच्या तोरणाशिवाय आपला दसरा होत नाही.

दूर्वांचंही सांगायला हवं. इथले लोक ज्या बर्म्युडा गवताला तण म्हणून वैतागतात, तीच आपली दूर्वा आहे. कोणाच्या अंगणात ती माजली असेल तर त्यांनी ती उपटून टाकू नये, जुड्या बांधून मंडळाला द्यावी. अट एकच: त्या हिरवळीवर तणनाशक किंवा कीटकनाशक मारलेलं नसावं. तेरडा ज्यांच्याकडे आहे त्यांना तर आग्रहाची विनंती. अनेक घरांत गौरी तेरड्याच्या असतात, आणि इथल्या फुलवाल्यांकडे तो मिळत नाही. त्याची शेंग पिकली की बोट लावताच फुटते आणि बी उडतं. म्हणून शेंग फुगून फिकी पडू लागली की तिच्यावर छोटी कागदी पिशवी बांधावी. एका रोपाचं बी पुढच्या वर्षी कितीतरी घरांना पुरेल.

हे सगळं द्यायचं कोणाला? माझं स्पष्ट मत आहे की ज्यांच्याकडे बाग नाही त्यांचा मान पहिला. दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये राहणारी नवी जोडपी, शिकायला आलेली मुलं, बाळंतपणानंतर घरात अडकलेली आई, आणि सहा महिन्यांसाठी मुलांकडे आलेले आजी-आजोबा. या आजी-आजोबांना मातीचं बाळकडू असतं, आणि इथे बाल्कनीत एक कुंडी ठेवायचीही सोय नसते. त्यांच्या हाती कोवळ्या मेथीची जुडी किंवा हळदीची पानं दिली की पातोळ्यांपासून शेतापर्यंत गप्पा निघतात. अशी पिशवी घेऊन गेलेला माणूस त्या घरी अर्धा तास बसतो, आणि मंडळाला मंडळपण त्या अर्ध्या तासाने येतं.

आपल्याकडे आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही चांगली रीत आहे. पण या उपक्रमापुरती ती बाजूला ठेवू या. परत काय द्यायचं, या विवंचनेत अनेक जण घ्यायलाच पुढे येत नाहीत. ज्यांच्याकडे बाग नाही त्यांनी रिकाम्या हाताने यावं आणि भरल्या हाताने जावं. कुणाला द्यावंसंच वाटलं, तर बागवाल्यांकडे रविवारी तासभर खुरपणीला हात लावा. साठी उलटलेल्या बागवाल्यांना त्याची खरी गरज आहे.

आता एक गंभीर गोष्ट. कढीपत्ता हे इथल्या मराठी घराचं सगळ्यांत लाडकं झाड. त्याच्या बुंध्याशी फुटवे येतात, आणि कोणी नवं घर घेतलं की त्यातला एक उपटून कुंडीत लावून देण्याचा मोह आवरत नाही. हा मोह आवरायला हवा. सायला नावाची एक बारीक कीड आहे, तिळाएवढी; झाडावर बसते ती शेपटाकडची बाजू वर उचलून. नागपूर-अमरावतीकडच्या संत्राबागायतदारांना ती चांगली ठाऊक आहे. ती लिंबू-संत्र्याच्या झाडांत ग्रीनिंग, म्हणजेच हुआंगलाँगबिंग, या रोगाचे जिवाणू पसरवते. या रोगावर आजवर उपाय नाही; झाड काही वर्षांत मरतं. कॅलिफोर्नियात ही कीड २००८ मध्ये सॅन डिएगो परिसरात प्रथम आढळली, आणि रोग २०१२ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीतल्या एका घराच्या परसातल्या झाडावर. फ्लोरिडात काय झालं ते समोर आहे. २००३-०४ च्या हंगामात तिथे संत्र्यांच्या २४ कोटींहून अधिक पेट्या निघाल्या होत्या. २०२२-२३ मध्ये २ कोटीही निघाल्या नाहीत. त्यात वादळांचाही वाटा आहे, पण कंबरडं मोडलं ते या रोगाने.

कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला. त्याच्या कोवळ्या पालवीवर सायला आवडीने अंडी घालते. कुंतीवरही घालते, आणि बेलही याच कुळातला आहे. बे एरियाचे बरेच भाग या किडीसाठी क्वारंटाइनमध्ये आहेत, आणि तिथून अशी झाडं, कलमं, डहाळ्या बाहेर नेण्यास मनाई आहे. म्हणून मंडळाचा नियम साधा आहे: कढीपत्ता, लिंबू, संत्रं, कुंती, बेल यांची रोपं, फांद्या आणि पानं वानवळ्यात घेतली जाणार नाहीत. आपल्या झाडाचा कढीपत्ता आपल्या फोडणीत घाला. ज्यांना झाड हवं त्यांनी परवानाधारक नर्सरीतून चिठ्ठी लावलेलं रोप घ्यावं. हिवाळ्यात लिंबं शेजारी द्यायची झाली तर देठ-पान अजिबात न ठेवता, धुऊन द्यावीत, आणि ती क्वारंटाइनच्या हद्दीबाहेर नेऊ नयेत. जिथे रोगच सापडला आहे अशा हद्दीत तर फळही घराबाहेर काढायचं नाही. या हद्दी बदलत असतात, तेव्हा राज्याच्या कृषी खात्याच्या नकाशावर आपला पत्ता एकदा तपासून घ्या. मधूनमधून फळमाशीसाठीही क्वारंटाइन लागतं. तेव्हा त्या हद्दीतली इतर फळं आणि फळभाज्याही घरीच संपवायच्या असतात. झाडावर संशयास्पद काही दिसलं तर खात्याच्या १-८००-४९१-१८९९ या क्रमांकावर कळवा. भारतातून येताना बॅगेत रोप किंवा डहाळी आणणं तर सर्वस्वी टाळावं. शेजाऱ्याच्या अंगणातलं जुनं लिंबाचं झाड आपल्या प्रेमाच्या भेटीमुळे मरू नये, एवढी काळजी हा त्या प्रेमाचाच भाग आहे.

खाण्याच्या सुरक्षिततेविषयीही दोन शब्द. दुधी, दोडका, काकडी, झुकिनी कडू लागली तर ती शिजवूनही खाऊ नये. पाण्याचा ताण पडलेल्या वेलांवर कधी कधी असं फळ येतं आणि त्यातलं कडू द्रव्य विषारी असतं. देणाऱ्याने एक चकती चाखून पाहावी, कडू लागली तर थुंकून टाकावी. घेणाऱ्यानेही तसंच करावं. कण्हेरीची फुलं पूजेला चालतात, पण ते सबंध झाड विषारी आहे. ती भाजीच्या पिशवीत कधीही ठेवू नयेत. पिशवीवर चिठ्ठी असावी: काय आहे, कधी खुडलं, काही फवारलं होतं का.

वानवळा मराठी घरांपुरता राहू नये, असंही मला मनापासून वाटतं. आपण राहतो ती सांता क्लारा व्हॅली कॉम्प्युटरच्या आधी जर्दाळू आणि प्लमच्या बागांसाठी नावाजलेली होती. सनीवेलमध्ये जर्दाळूची एक जुनी बाग शहराने आजही जपली आहे. आपली कितीतरी घरं तशाच बागांच्या मातीवर उभी आहेत. सॅन होजेतल्या व्हिलेज हार्वेस्ट या संस्थेचे स्वयंसेवक लोकांच्या परसातली फळं उतरवून गरजूंना अन्न पुरवणाऱ्या संस्थांकडे पोचवतात. ज्यांना झाडावर चढवत नाही त्यांनी त्यांना जरूर कळवावं. चांगल्या हेतूने संस्थेला दान केलेल्या अन्नाबद्दल देणाऱ्याला १९९६ च्या केंद्रीय कायद्याने संरक्षण आहे, तेव्हा भीती बाळगू नये. आणि शेजारी मेक्सिकन कुटुंब असेल तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांना झेंडूची फुलं अवश्य द्या. दिवंगतांच्या स्मरणासाठी ते मांडतात त्या वेदीला हेच फूल लागतं, आपल्या दिवाळीच्या आगेमागेच.

आता कार्यक्रम. गणेशोत्सवाच्या दिवशी सभागृहाच्या दाराशी वानवळ्याचं टेबल असेल. फुलं सकाळी आरतीआधी आणावीत. बादल्या आणि पाणी मंडळाकडे आहे. मखर यंदा सभासदांच्या बागेतल्या फुलांनी सजेल आणि शाळेतली मुलं ते सजवतील. भाजी कोवळी, धुतलेली आणि चिठ्ठी लावलेली असावी. घ्यायला कोणतीही अट नाही. त्यानंतर दर महिन्याच्या कार्यक्रमाला हे टेबल लागेल: ऑक्टोबरात झेंडू आणि तेरड्याचं बी, दिवाळीला शेवंती, हिवाळ्यात मेथी-शेपू, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून आपल्याच बागेतल्या बियांच्या पुड्या.

आजच बागेत जाऊन कोणती कळी त्या दिवशी उमलेल आणि कोणता दुधी तेव्हा कोवळा असेल ते पाहून ठेवा, आणि तो दुसऱ्याच्या नावाने राखून ठेवा.

गणपती बाप्पा मोरया!

आपला,
संपादक