बीजविषाणूची शुद्धता आणि गोपालकाचा अधिकार

कुपीवरील चिठ्ठीत ज्या विषाणूचे नाव लिहिले आहे तोच आणि तेवढाच विषाणू आत आहे, हे गृहीत धरूनच गुरांच्या संसर्गरोगांवरील संशोधन आणि लसनिर्मिती चालते. परंतु त्या गृहीताची पडताळणी ही प्रयोगशाळांची खासगी बाब समजून समाजाने स्वस्थ राहावे, हे मला सर्वथा अमान्य आहे.

लंपी चर्मरोगाविरुद्ध कझाकस्तानात केनियात तयार झालेली लस टोचण्यात आली, आणि २०१७ साली सीमेपलीकडील रशियाच्या सारातोव्ह प्रांतात आजारी गुरांमध्ये जो विषाणू आढळला, त्याच्या जनुकद्रव्यात लसीच्या वाणाचे आणि दुसऱ्या एका वाणाचे अंश एकमेकांत गुंफलेले होते. पुढे त्या लसीच्या कुप्याच तपासल्या, तेव्हा लंपीच्या दोन वाणांबरोबर शेळ्यांच्या देवीचा विषाणूही त्यांत निघाला. अशा संकरित विषाणूंनी २०१९ पासून चीन, व्हिएतनाम, थायलंड येथील गोठे गाठले. रोग टळावा म्हणून ज्याने आपले जनावर विश्वासाने पुढे केले, त्या गोपालकाला या सरमिसळीची वार्ताही नव्हती.

सरमिसळ डोळ्यांना दिसत नाही, हे यातले खरे संकट. लसीचा विषाणू ज्या पेशींत वाढवितात, त्या पेशी पोसण्यासाठी गर्भस्थ वासराचे रक्तजल वापरतात. त्यात गोवंशीय अतिसाराचा विषाणू असल्यास त्याचे अनेक वाण पेशींना इजा न करता निमूटपणे वाढतात, सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचा थर निरोगी भासतो, आणि निव्वळ नजरेवर विसंबणारा तपासनीस दप्तरात शुद्धतेचा शेरा मारून मोकळा होतो.

महाराष्ट्रात २०२२ साली लंपीने थैमान घातले असता गुरांना शेळ्यांच्या देवीची लस देण्यात आली, आणि त्याच वर्षअखेरीस हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने सिद्ध केलेल्या लंपीच्या लसीचे तंत्र पुण्याच्या सरकारी पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेकडे सोपविण्यात आले. हे दोन सगोत्र विषाणू एकाच संस्थेच्या हाताखाली यायचे, तर बीजविषाणूचे, म्हणजे ज्यापासून लस वाढवितात त्या मूळ विषाणूचे, संपूर्ण जनुकीय वाचन आणि रक्तजलाची स्वतंत्र तपासणी यांची तजवीज लसीच्या प्रत्येक तुकडीसाठी झालीच पाहिजे. त्याने खर्च वाढेल, दिरंगाई होईल, ही सबब मी ऐकली आहे. परंतु सरकारी मोहिमेत ज्याच्या जनावराला सुई टोचली जाते त्याला लस निवडण्याची मुभा नसते, आणि म्हणूनच ती शुद्ध असल्याचा पुरावा देण्याची जबाबदारी सर्वस्वी सरकारची ठरते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तुकडीचा क्रमांक सांगताच तिचा तपासणी-दाखला मागणाऱ्याला तिथल्या तिथे पाहता यावा, एवढा हुकूम पशुसंवर्धन खात्याने विनाविलंब काढावा.