जुना बोर्ड, नवा माल



"सर, वडिलांचं बंद पडलेलं दुकान परत सुरू करतोय. बोर्डवर जुनंच नाव ठेवलं की जुनी गिऱ्हाईकं येतीलच ना?" साताऱ्याच्या बॅचमध्ये हा प्रश्न असतोच, सांगलीत तर हमखास. २०१९च्या महापुरात तिथल्या बाजारपेठेत पाणी शिरलं होतं, तेव्हा पुन्हा शटर उघडणं म्हणजे काय हे सांगलीकरांना मी शिकवायला नको.

गिऱ्हाईकं येतील. एकदा येतील. दुसऱ्यांदा कशासाठी येतील?

इथं मी 'इंडस क्रीड'चं उदाहरण देतो. आपल्याकडे बँड म्हणजे वरातीतला ब्रास बँड, नाहीतर बेंजो. त्यामुळे नाव ऐकलं नसेल तर हरकत नाही. हा मुंबईचा, इंग्रजी गाणी करणारा रॉक बँड. १९८४ला 'रॉक मशीन' नावानं सुरू झाला आणि १९९३ला चांगलं चाललेलं नाव त्यांनी स्वतःच बदललं. (धाडसच म्हणायचं. आपण साधी पिशवीची डिझाईन बदलायला घाबरतो.) १९९५ला नव्या नावाचा अल्बम, १९९७ला बँड बंद.

२०१०ला परत एकत्र आले. कॉलेजात त्यांना ऐकणारी पोरं आता कमावती झालेली. जुनीच गाणी वाजवत फिरले असते तरी तिकिटं खपली असती. पण २०१२ला त्यांनी नव्या गाण्यांचा 'इव्हॉल्व्ह' काढला, म्हणजे मधे सतरा वर्षं! गायला उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया हे जुनेच. बास आणि ड्रम्सवर मात्र नवी माणसं, रुशाद मिस्त्री आणि जय रो कवी. जुन्या चाहत्याला हा अल्बम पहिल्यांदा जरा परका वाटतो. मला तर तेच आवडलं. गिऱ्हाईक सतरा वर्षांनी बदललंय, हे त्यांनी धरून चाललं होतं.

म्हणून सगळंच बदला असं नाही हं. कंदी पेढ्याची चव बदलली तर सातारकर तुम्हाला सोडणार नाहीत! तुमच्या धंद्यातले बेनेगल, तिनईकर कोण, ते आधी ओळखा. भडंगाचा मसाला? वडिलांचा शब्द? तेवढं राखा, बाकी मोकळ्या मनानं बदला.

आणि बोर्ड रंगवायला टाकण्याआधी एक काम करा. वडिलांची जुनी उधारीची वही काढा आणि त्यातली किती नावं अजून गावात राहतात ते मोजा.