सुट्टी आपल्याही पोरांची असते

एप्रिलमध्ये शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी माझ्या सहावीतल्या लेकीने विचारलं, "आई, सुट्टीत मी काय करू?" मला उत्तर सुचेना. कारण लहानपणी हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. आमचा उन्हाळा म्हणजे आईसोबत वीटभट्टी. सुट्टी म्हणजे शाळा बंद, काम सुरू. पुढे बँकेच्या मुलाखतीत 'छंद' विचारला, तेव्हा मी 'वाचन' म्हणून मोकळी झाले. दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतंच. आपल्यापैकी कितीजणांनी हेच उत्तर दिलं असेल!

आमच्या सोसायटीत पंधरा दिवसांचं शिबिर होतं. फी सहा हजार. फॉर्म घेणाऱ्या बाईंनी लेकीचं नाव लिहून घेतलं आणि विचारलं, "आडनाव? नाही, मूळ गाव कुठलं तुमचं?" हा प्रश्न कुठून येतो आणि कुठे जातो, ते तुम्हाला सांगायला नको. मी फॉर्म परत घेतला. रागाने नव्हे. मनात आलं, एवढ्या पैशांत एकट्या लेकीची सुट्टी होईल. येरवड्याच्या वस्तीत राहणाऱ्या माझ्या बहिणीच्या मुलाचं काय? तो सातवीत. त्याची सुट्टी गॅरेजमध्ये ठरलेली होती, दिवसाला शंभर रुपये.

बहिणीला मी म्हणाले, त्याला माझ्याकडे पाठव. ती म्हणाली, "ताई, जूनमध्ये वह्या-दप्तर कोण घेणार?" तिचं बरोबर होतं. तो खर्च मी उचलला, तेव्हा कुठे पोरगा सुटला. 'पे बॅक टू सोसायटी' आपण भाषणांत खूप ऐकतो. एका पोराचा एक उन्हाळा सोडवायला मला किती लागले? शिबिराच्या फीच्या निम्मेही नाही.

मग दोघांना महापालिकेच्या पोहण्याच्या तलावाचा पास काढला. पोहणंच का? माझ्या वडिलांना पोहता येत नाही. गावात विहिरी होत्या, पण आमची एकही नव्हती. गावातली पोरं पाठीला भोपळा बांधून उड्या मारायची आणि बाबा लांबून बघायचे. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये स्वतःच्या लहानपणीची उन्हाळी सुट्टी सांगितली आहे. साल १९०१. नवे कपडे घालून भावंडं वडिलांकडे कोरेगावला निघाली. मसूर स्टेशनवर उतरली आणि जात कळताच बैलगाडी मिळेना. दुप्पट भाड्याने मिळाली तीही मुलांनी स्वतः हाकायची. सोबत खायला होतं, पण रस्त्यात प्यायला पाणी कुणी देईना. दहा वर्षांच्या मुलाची ती सुट्टी होती. आपल्या पोरांच्या सुट्टीचा विचार करताना मला ती आठवतेच.

पहिल्या दिवशी भाच्याने कठडा सोडला नाही. दहाव्या दिवशी तो तलावाची रुंदी पार करून आला. बाबा बघायला आले होते. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मलाही भोपळा मिळेल का?" आम्ही सगळे हसलो. ते हसले नाहीत.

एक चूक मात्र मी केली, ती तुम्ही करू नका. रविवारी पोरांना गंज पेठेत फुले वाड्यात नेलं आणि तासभर व्याख्यान दिलं. १८४८ची शाळा, १८६८मध्ये अस्पृश्यांसाठी खुला केलेला हौद, सगळं. लेक जांभया देऊ लागली. मुक्ता साळवेने १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला तेव्हा ती चौदा वर्षांची होती, एवढंच शेवटी सांगितलं, तेव्हा भाचा म्हणाला, "म्हणजे माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठी?" तेवढं एक वाक्य पुरे होतं. बाकी वेळ त्यांना अंगणात पळू द्यायला हवं होतं. आपण प्रत्येक गोष्टीचा अभ्यास करून टाकतो. तो आपल्या धास्तीचा भाग आहे.

म्हणून भाजे लेण्यांना गेलो तेव्हा मी तोंड बंद ठेवलं. लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचं, तिथून चालत. उन्हाच्या आत पोहोचायला सकाळची गाडी धरायची. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. चैत्यगृहात दोघांनी आवाज घुमवून पाहिला. दोन हजार वर्षांहून जुन्या त्या दगडात कोरलेली वाद्य वाजवणारी बाई लेकीने स्वतः शोधली. भाकरी-ठेचा खाल्ला, परत आलो. दोघांनाही विचारलं नाही की काय शिकलात.

आमचा एक नातेवाईक म्हणतो, "आधी मार्क, मग मजा. आपल्याला परवडत नाही." सुट्टीतही तो पोराला स्कॉलरशिपच्या क्लासला पाठवतो. त्याची भीती मला कळते. शिक्षणानेच आपण इथवर आलो. पण ज्यांनी आपल्याला पाणी नाकारलं त्यांनी खेळही नाकारला होता. मजा ही चैन नाही, ती हिसकावून घेतलेली गोष्ट आहे. मार्कांइतकीच तीही परत मिळवायची आहे.

तुम्ही पुण्यात असा, नाहीतर दिल्ली-हैदराबादला नोकरीला. तुमच्या शहरात सरकारी तलाव, वाचनालय, संग्रहालय, बाग असेलच. ते आपल्या करातून चालतं. जाताना आपल्या पोराबरोबर वस्तीतलं आणखी एक पोर घ्या. एकट्याचं शिबिर होतं, दोघांची सुट्टी होते.

शाळा सुरू झाली. 'सुट्टीत काय केलं' या निबंधात भाच्याने पहिलं वाक्य लिहिलं: मला पोहता येतं.

जय भीम.