धातूच्या एका तुकड्याची साक्ष

फ्रान्समधील माँ ब्लाँ पर्वताच्या उतारावर बोसाँ नावाची हिमनदी आहे. तिच्या बर्फातून गेली अनेक वर्षे विमानांचे भग्नावशेष बाहेर येत आहेत. ते विमाने एअर इंडियाची होती आणि दोन्ही मुंबईहूनच निघाली होती. म्हणून तेथे सापडणारा प्रत्येक तुकडा दूरदेशीचे कुतूहल न राहता आपल्या घरचा प्रश्न होतो. तो तुकडा दोहोंपैकी कोणत्या विमानाचा?

1948 च्या 8 जून रोजी मुंबई-लंडन मार्गावरचे पहिले उड्डाण ज्या 'मलबार प्रिन्सेस'ने केले, तेच विमान 3 नोव्हेंबर 1950 रोजी माँ ब्लाँवर आदळले आणि 48 माणसे मृत्युमुखी पडली. 24 जानेवारी 1966 रोजी 'कांचनगंगा' हे बोइंग विमान जवळजवळ त्याच ठिकाणी कोसळले. त्यातील 117 जणांत डॉ. होमी भाभा होते. हिमनदी वाहते, पण अतिशय मंद गतीने. शिखराजवळ गिळलेले ती दशकांनंतर पायथ्याशी आणून टाकते. दोन्ही अपघातांचे अवशेष अशा रीतीने एकाच प्रवाहात मिसळले.

तरीही ओळख पटविणे अशक्य नाही. 'मलबार प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन जातीचे, दट्ट्यांच्या एंजिनांचे विमान होते; 'कांचनगंगा'ची एंजिने जेट होती. एखादा सिलिंडर मिळाला तर तो 1950 कडे बोट दाखवितो. जेटचे पाते मिळाले तर 1966 कडे. 2017 साली मानवी अवशेषांबरोबर जेट एंजिनही आढळले, तेव्हा ते अवशेष दुसऱ्या अपघातातील असावेत, असा तर्क करता आला. 2012 साली भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाची टपालाची थैली मिळाली. 2020 साली मिळालेल्या वृत्तपत्रांत इंदिरा गांधींच्या निवडीची वार्ता होती. त्यांचा शपथविधी तर अपघाताच्याच दिवशी झाला. याहून बोलका दाखला कोणता?

कोणी विचारील की, इतक्या वर्षांनी हा खटाटोप कशासाठी? आमचे उत्तर असे. डॉ. भाभांचे नाव इतिहास विसरणार नाही. तुर्भ्याची संस्था 1967 पासून त्यांचे नाव मिरवीत आहे. परंतु 'मलबार प्रिन्सेस'मधील बहुतेक प्रवासी परदेशी जहाजावर कामास निघालेले भारतीय खलाशी होते. त्यांचे पुतळे कोठे नाहीत. त्यांच्या वारसांच्या दृष्टीने ओळख पटलेला एक वाकडा पत्राही 'तो येथे गेला' असे सांगणारा अखेरचा साक्षीदार असतो. थोरांची आठवण आपोआप राहते. सामान्यांची आठवण नोंदींच्या आधारानेच टिकते.

आणि नोंदी नसल्या म्हणजे वावड्या पिकतात. 'कांचनगंगा'च्या अपघाताची फ्रान्समध्ये रीतसर चौकशी झाली. विमानाचा एक दिशादर्शक ग्राहक बिघडलेला होता आणि नियंत्रकाच्या सूचनेचा वैमानिकाने भलताच अर्थ घेतला, असा निष्कर्ष निघाला. तरी घातपाताच्या कथा आजही चवीने सांगितल्या जातात. त्यांना उत्तर संतापाने देता येत नाही. ते कागदाने आणि धातूने द्यावे लागते.

एअर इंडियाचे राष्ट्रीयीकरण 1953 साली झाले आणि 2022 साली ती पुन्हा टाटा समूहाकडे गेली. मालकी बदलली की जुनी दप्तरे अडगळीत जाण्याचे भय असते. जुन्या विमानांच्या देखभालीच्या वह्या, सुट्या भागांचे क्रमांक आणि प्रवाशांच्या याद्या सूचीबद्ध करून अभ्यासकांस व वारसांस खुल्या कराव्यात, अशी कंपनीस व सरकारास आमची आग्रहाची सूचना आहे.

आपल्या मीरा-भाईंदरकरांचेही एक कर्तव्य आहे. 1978 च्या 1 जानेवारीस 213 जणांसह 'सम्राट अशोक' वांद्र्यानजीकच्या समुद्रात कोसळले, तोच समुद्र उत्तनच्या कोळीवाड्यांपुढे पसरला आहे. उद्या एखाद्या जाळ्यात क्रमांक कोरलेला अनोळखी पत्रा आला, तर तो भंगारवाल्याच्या तराजूत पडू नये. जागा व दिवस टिपून तो पोलीस ठाण्यात पोहोचावा. भंगाराच्या बाजारात त्याचे मोल चार रुपये असेल. पण कोणा घराचा अर्धशतकाचा प्रश्न त्यावर कोरलेला असू शकेल.