संशोधनाचे क्षेत्र आणि पाटोद्याचा कोयता

सार्वजनिक धोरण आणि नियोजन शिकवणाऱ्या संस्थांच्या माहितीपत्रकांत प्राध्यापकांच्या नावांपुढे संशोधनक्षेत्रांची एक ओळ असते: श्रम व स्थलांतर, लिंगभाव व विकास, सार्वजनिक आरोग्य, ग्रामीण पतपुरवठा. साहित्याचे विद्यार्थी ही ओळ कारकुनी समजून सोडून देतात. माझे म्हणणे असे, की ती आपणच वाचायला हवी. शब्द वास्तवाचे तुकडे कसे पाडतात हे पाहणे हा तर आपला व्यवसाय.

बीड जिल्ह्यातील पाटोदा घ्या. बालाघाटाच्या डोंगराळ भागातला हा कोरडवाहू तालुका. दिवाळीच्या आसपास इथल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', एकट्या माणसाचा अर्धा. एक दिवस काम चुकले की 'खाडा', म्हणजे दंड. आणि तो उचलीच्या हिशेबात चढतो. 2019 मध्ये ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, तेव्हा शासनाने नेमलेल्या नीलम गोऱ्हे समितीच्या पाहणीत बीडमधील 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. आता हा खाडा कोणत्या प्राध्यापकाचा? कर्ज म्हणून तो पतपुरवठावाल्यांकडे जाईल, रजेचा प्रश्न म्हणून श्रमवाल्यांकडे, शस्त्रक्रिया आरोग्यवाल्यांकडे. पाळीच्या दुखण्याने बुडालेला दिवस, त्याचा दंड आणि त्या धास्तीने गाठलेला दवाखाना ही एकच गोष्ट आहे, हे त्या बाईला ठाऊक असते, यादीला नसते.

विशेषीकरणाशिवाय संशोधन होत नाही, असे उत्तर येईल. ते खोटे नाही. पण 1930 साली पुण्यात स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी 1940 मध्ये प्रसिद्ध केलेली शेतीची पाहणी वाई तालुक्याची होती. 'क्षेत्र' या शब्दाला तिथे जमिनीचा अर्थ होता. अर्थात त्या काळाच्या आठवणीने गहिवरण्याचेही कारण नाही. हेच गाडगीळ प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष. पुढे 1967 मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. विद्वत्तेने उभ्या केलेल्या या सहकारात ऊस पिकवणारा सभासद झाला. तोडणारा मात्र मुकादमाचा माणूस राहिला, कारखान्याचा कामगारसुद्धा झाला नाही. म्हणजे तालुका पाहणाऱ्या नजरेतूनही कोयता सुटलाच.

आणि आपण मराठी विभागवाले? ग्रामीण, दलित, स्त्रीवादी अशा आपल्याही फडताळांत ही बाई तीनदा विभागली जाते. 'कोपी', 'वाढे', 'खाडा' हे शब्द आपल्याकडे कादंबरीच्या शेवटी परिशिष्टात, बोलीचा मासला म्हणून येतात. वस्तुतः 'खाडा' ही पारिभाषिक संज्ञा आहे, आणि धोरणकर्त्यांच्या इंग्रजीत तिला प्रतिशब्द नाही. तिचा अर्थ नीट लावून त्यांच्यापुढे ठेवणे हे भाषेच्या माणसांचे काम होते. ते आपण केलेले नाही.

नावापुढे विषयाऐवजी 'पाटोदा' असे लिहिणारा एखादा प्राध्यापक मला पाहायचा आहे. क्षेत्रभेटी बहुधा डिसेंबरात ठरतात, आणि तेव्हा गावात म्हातारी माणसेच भेटतात. टोळ्या परततात तेव्हा उन्हाळा लागलेला असतो आणि विद्यापीठांत परीक्षा चालू असतात.