जिंक्सचे खापर

इंग्रजीत दुर्दैवासाठी शब्दांची वाण नाही, पण ‘जिंक्स’ची जात वेगळी. तो काय घडले यावर थांबत नाही, कोणामुळे घडले तेही सांगून मोकळा होतो. विसाव्या शतकाच्या आरंभी तो अमेरिकी बेसबॉलमध्ये रुळला. तिथला सर्वांत गाजलेला जिंक्स ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या क्रीडा नियतकालिकाच्या मुखपृष्ठाचा: ज्याचा फोटो छापला त्याचा खेळ बसलाच म्हणून समजा. ऑगस्ट १९५४च्या पहिल्याच अंकावर बेसबॉलपटू एडी मॅथ्यूज होता, आणि थोड्याच दिवसांत त्याचा हात दुखावला. पण मुखपृष्ठ मिळते कधी? खेळाडू आपल्या नेहमीच्या पातळीच्या बराच वर गेलेला असतो तेव्हा. तिथून तो खाली येणे हेच स्वाभाविक. फार उंच आईबापांची मुले सरासरीकडे झुकतात, हे फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये मांडले होते. हा त्यातलाच प्रकार. शिवाय मॅथ्यूजने त्याच मोसमात ४० होमरन मारले. ते कोणाच्या लक्षात राहिले नाही, दुखावलेला हात तेवढा राहिला.

यावर कोणी म्हणेल, खेळातली गंमत आहे, कशाला एवढे मनावर घ्यायचे? खरे आहे. क्रिकेटच्या धावफलकावर अपशकुनी मानलेले १११ लागले की पंच डेव्हिड शेफर्ड एक पाय उचलून उभे राहत, आणि प्रेक्षकांना ते आवडे. आकड्याला अपशकुनी म्हटल्याने त्याचे काही बिघडत नाही. बिघडते ते हाच शिक्का माणसावर बसतो तेव्हा. लग्नानंतर घरात कोणी गेले की नवी सून ‘पांढऱ्या पायाची’ ठरते. मरणाऱ्याचे वय, आजार, उशिरा झालेले उपचार यांची चौकशी तिथेच थांबते. संघ हरला की स्टेडियममध्ये बसलेला एखादा माणूस ‘पनवती’ होतो आणि चुकलेली फलंदाजी विसरली जाते. विचार करायची पद्धत मुखपृष्ठाच्या जिंक्सचीच आहे, फक्त इथे भोगणारे माणूस असते. म्हणूनच महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने एखादी व्यक्ती इतरांवर संकटे आणते असा आरोप करून तिचे जगणे मुश्कील करणे हा गुन्हा मानला आहे. नुसत्या शब्दासाठी कायदा कशाला, असे वाटणाऱ्यांनी त्यातली ‘जगणे मुश्कील करणे’ ही अट वाचावी. शिक्षा आहे ती त्या छळाला.